गोमुखी दरवाजा आणि एक मशाल: ऑनलाइन रोलप्लेइंग खेळासाठी नकाशा व उजेडाची मांडणी

रोलप्लेइंग खेळ टेबलाभोवती बसून खेळताना सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, चौकटीच्या कागदावर खेळ सरकेल तसतशी एकेक खोली काढत जातो, त्यामुळे खेळाडूंना जे अजून दिसायचे नाही ते कागदावर मुळात नसतेच. पडद्यावर खेळताना मात्र संपूर्ण तळघर, त्यातला खजिना आणि खजिन्यामागे दबा धरून बसलेला राक्षस हे सारे सत्राच्या आधीच चढवलेले असते आणि ते झाकून ठेवण्याची जबाबदारी सूत्रधारावर येते. व्हर्च्युअल टेबलटॉपमधील, म्हणजे असे खेळ पडद्यावर खेळण्याच्या प्रणालींतील, भिंती, दिवे आणि न पाहिलेला भाग झाकणारे धुके यांची सोय या गरजेतून आली. तरीही नुसते झाकण्यापुरता त्यांचा वापर केला, तर खेळाडू अंधारात टोकन, म्हणजे आपल्या पात्राची सोंगटी, सरकवत राहतात आणि कंटाळतात. कोणत्या वळणावर नेमके किती दिसले म्हणजे त्यांना काहीतरी ठरवणे भाग पडेल, हे आधी ठरवावे आणि त्या बेताने भिंती व दिवे मांडावेत, असे माझे मत झाले आहे. पुढील विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

उदाहरणासाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ साली आलेले नियम आणि फाउंड्री व्हीटीटी (व्हर्च्युअल टेबलटॉप) ही प्रणाली घेतली आहे, कारण माझा बहुतेक खेळ त्यांवरच चालतो. रोल२० किंवा आउलबेअर रोडिओ वापरणाऱ्यांना बटणांची नावे आणि जागा वेगळ्या आढळतील, परंतु विचार तोच लागू पडतो. नकाशा म्हणून मी सह्याद्रीतील किल्ल्याचे प्रवेशद्वार निवडले आहे. रायगडाच्या महादरवाजासारखे गोमुखी बांधणीचे दार ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यामागचे कारण लगेच उमगेल: दोन बुरुजांच्या कवेत वळण घेऊन दार अशा बेताने बसवलेले असते की समोरून येणाऱ्याला ते अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही, आणि हत्तीला धडक देण्यासाठी सरळ धाव घेता येत नाही. दृष्टिरेषेचे गणित किल्ला बांधणाऱ्यांनी शतकांपूर्वी दगडात मांडून ठेवले आहे. आपल्याला ते फक्त पडद्यावर उतरवायचे आहे.

नकाशाचे माप

बुद्धिबळाच्या पटावर म्हणतो तसे येथेही ग्रिडमधील प्रत्येक चौकोनाला घर म्हणू. या खेळात एक घर म्हणजे पाच फूट. तयार नकाशा विकत वा मोफत घेतला असेल, तर त्याची रुंदी आणि उंची किती घरांची आहे हे बहुधा फाइलच्या नावातच लिहिलेले असते. समजा नकाशा ३० घरे रुंद आहे आणि प्रतिमेची रुंदी ४२०० पिक्सेल आहे, तर एका घराला १४० पिक्सेल येतात. हाच आकडा दृश्याच्या (प्रणालीत चढवलेल्या नकाशाच्या) मांडणीत ग्रिडचे माप म्हणून भरावा. फाउंड्रीत हे माप सुरुवातीला १०० असते आणि रोल२० मध्ये ७०, म्हणून प्रतिमा चढवल्याबरोबर रेषा जुळल्या नाहीत तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. भागाकार पूर्णांकात येत नसेल, तर बहुधा चित्राला कडेने समास सोडलेला असतो. अशा वेळी ग्रिड काही पिक्सेल सरकवून पाहावी आणि एका कोपऱ्यात जुळवल्यावर समोरच्या कोपऱ्यात जाऊन खात्री करावी, कारण एका घरामागे एक पिक्सेलची चूक चाळिसाव्या घरापाशी चाळीस पिक्सेलची होते. नकाशाच्या चित्रातच ग्रिड रेखाटलेली असेल, तर प्रणालीच्या रेषा पूर्ण पारदर्शक कराव्यात, नाहीतर दुहेरी रेषांनी डोळे शिणतात.

प्रतिमेच्या आकाराबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. फाइल वेबपी स्वरूपात लहान केली की काम झाले असे मानले जाते. जाळ्यावरून उतरवताना लहान फाइलचा फायदा होतो हे खरे, पण ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत ती प्रतिमा उलगडूनच ठेवली जाते आणि तेथे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ३६ बाय ४८ घरांचा आपला किल्ला घरामागे १०० पिक्सेलने काढला तर ३६०० बाय ४८०० पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ६९ मेगाबाइट. तोच घरामागे २०० पिक्सेलने काढला तर चौपट, म्हणजे सुमारे २७६ मेगाबाइट, शिवाय प्रतिमेची उंची ९६०० पिक्सेलवर जाते. जुन्या संगणकांची आणि फोनची एका बाजूची मर्यादा ४०९६ किंवा ८१९२ पिक्सेल असू शकते आणि ती ओलांडली की त्या एकाच खेळाडूला काळा पडदा दिसतो, बाकीच्यांना काहीच अडचण जाणवत नाही. आपल्या गटातील सर्वांत जुना लॅपटॉप कोणाचा आहे हे विचारून ठेवावे आणि नकाशा त्याला पेलेल इतकाच ठेवावा. घरामागे १०० पिक्सेल लढाईसाठी पुरतात. अधिक बारकावे सूत्रधाराला सुखावतात, खेळाडूंना ते जाणवतही नाहीत.

फाउंड्री स्वतःच्या संगणकावरून चालवत असल्यास आणखी एक हिशेब करावा लागतो. चार मेगाबाइटची प्रतिमा पाच खेळाडूंना पाठवायची म्हणजे वीस मेगाबाइट, अर्थात १६० मेगाबिट बाहेर जातात. घरच्या जोडणीचा अपलोड वेग दहा मेगाबिट प्रतिसेकंद असेल, तर सोळा सेकंद सारा वेग त्यातच खर्च होतो आणि नेमक्या त्या वेळी बोलण्याचा आवाज तुटू लागतो. दृश्याच्या नावावर उजवे बटण दाबून ते आधीच सर्वांकडे उतरवून ठेवण्याची सोय आहे. खेळाडू चहा घेत गप्पा मारत असताना हे उरकावे. आपल्याकडील अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर ३०००० क्रमांकाचे पोर्ट उघडूनही बाहेरच्या मित्राला आत येता येत नाही. परदेशातला खेळाडू खोळंबला की मग याचा शोध घेण्यापेक्षा पहिल्या सत्राच्या आठवडाभर आधी एकदा जोडून पाहिलेले बरे.

आधी भिंती

दिवे लावण्याची घाई सर्वांनाच असते, कारण पडद्यावर पहिली मशाल थरथरताना पाहणे मोठे आनंदाचे असते. परंतु दिव्याचा उजेड कोठे अडतो हे भिंती ठरवतात, म्हणून भिंतींचे काम संपेपर्यंत दिव्याला हात लावू नये.

भिंत म्हणजे नकाशावर ओढलेली एक अदृश्य रेषा. कंट्रोल कळ दाबून ठेवली की एका रेषेच्या टोकापासून पुढची रेषा आपोआप सुरू होते आणि मध्ये फट राहत नाही. ही सवय मला एका फजितीतून लागली. तळघराच्या कोपऱ्यात दोन रेषांमध्ये केसाएवढी फट राहिली होती. एका खेळाडूचे टोकन बरोबर त्या रेषेत आले आणि त्याला पलीकडच्या खोलीची एक लांब, निमुळती पट्टी दिसली, तिच्यात सोन्याची पेटी आणि पेटीवर बसलेला कोळी दोन्ही होते. त्याने मोठ्या सभ्यपणे काही पाहिले नसल्याचे नाटक केले, पण त्या खोलीचे दार उघडायला पुढे सरसावला तो तोच.

रेषा नेमकी कोठे ओढावी यावर मतभेद आहेत. माझा अनुभव असा की चित्रातील दगडी भिंतीच्या आतल्या कडेवर रेषा ओढली तर खेळाडूंना भिंतीचा दगडच दिसत नाही, फरशी काळोखात तरंगत असल्यासारखी वाटते. रेषा भिंतीच्या जाडीत थोडी आत सरकवली की दगडांचा दर्शनी भाग उजळतो आणि खोलीला खोलीपण येते. गुहेच्या खडबडीत कडांना मात्र प्रत्येक खाचेमागे धावू नये. टोकन हलले की प्रत्येक रेषेचा हिशेब नव्याने होतो, आणि चारशे रेषांनी काढलेली गुहा ऐंशी रेषांनी काढलेल्या गुहेहून खेळाडूंना वेगळी भासत नाही, जुना लॅपटॉप मात्र धापा टाकू लागतो. याउलट जेथून जायचे आहे ती वाट पाच फुटांहून अरुंद झाली किंवा रेषा घराच्या मध्यावरून गेली, तर टोकन अडकते आणि मध्येच खेळ थांबवून सूत्रधाराला ते उचलून पलीकडे ठेवावे लागते.

आता किल्ल्याकडे वळू. सर्वच अडथळे सारखे नसतात आणि फाउंड्रीत हालचाल, उजेड व दृष्टी यांना वेगवेगळे अडवता येते, हे एकदा ध्यानात आले की किल्ल्याची रचना जिवंत होते. तटबंदी आणि बुरूज तिन्ही अडवतात, त्यांना साधी भिंत पुरते. तटाच्या काठावरचे कमरेएवढे कठडे हालचाल अडवतात, दृष्टी अडवत नाहीत, म्हणून तेथे अदृश्य भिंत वापरावी. दाट पडदा किंवा धबधबा याच्या उलट वागतो: पलीकडचे दिसत नाही, पण आरपार जाता येते. देवडीतील खांबांना साधी भिंत घातली तर खांब दिसतच नाही, त्याऐवजी काळी सावली तेवढी दिसते. तेथे मर्यादित दृष्टीची भिंत घालावी. तिच्यात पहिल्या रेषेतून नजर पार होते आणि दुसरीवर अडते, त्यामुळे खांब पूर्ण दिसतो आणि त्याच्या मागे लपलेला पहारेकरी दिसत नाही. झाडांसाठीही हीच युक्ती चालते, मात्र रेषा पूर्ण पर्णसंभाराभोवती ओढण्याऐवजी बुंध्याभोवती ओढावी, अन्यथा जंगलात दोन पावलांपलीकडे काहीच दिसत नाही.

सर्वांत मजेदार प्रकरण जंग्यांचे आहे. तटातील या तिरप्या भोकांतून आतल्या शिपायाला बाहेरचे सारे दिसते आणि बाहेरच्याला आतले काहीच दिसत नाही. नव्या आवृत्त्यांत खिडक्यांसाठी अंतरावर अवलंबून असणारी भिंत मिळते: ठरवून दिलेल्या अंतराच्या आत असणाऱ्याची नजर ती अडवत नाही, दूरच्याची अडवते. ते अंतर पाच फूट ठेवले की भोकाला चिकटून उभा असलेला तिरंदाज खालची वाट न्याहाळू शकतो आणि वाटेवरच्या खेळाडूंना फक्त दगड दिसतो. पहिला बाण कोठून आला हे त्यांना पडद्यावर शोधूनही सापडत नाही आणि सूत्रधाराला त्याबाबत एक शब्दही बोलावा लागत नाही. हाच तिरंदाज त्यांनी नंतर आतून गाठला, तर त्यांनाही तीच भोके वापरता येतात. माझ्या गटाने तसेच केले आणि माझी पुढची सारी योजना कोलमडली.

दारांना दाराची रेषा द्यावी, म्हणजे खेळाडू स्वतः उघडझाप करू शकतात. कुलूपबंद ठेवायचे असल्यास सूत्रधाराने दाराच्या खुणेवर उजवे बटण दाबावे. चोरदरवाज्याला गुप्त दाराचा प्रकार निवडावा. त्याची खूण केवळ सूत्रधाराला दिसते, खेळाडूंना ती साधी भिंतच वाटते. गोमुखी वळणाला मात्र कोणतीही खास सोय लागत नाही. बुरुजांच्या वक्र कडा सात-आठ रेषांनी नीट ओढल्या की दार आपोआप लपते आणि प्रत्येक पावलागणिक थोडे थोडे उलगडत जाते.

मग दिवे

नियमांनुसार मशाल २० फुटांपर्यंत लख्ख उजेड देते आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद उजेड देते. येथे जवळजवळ प्रत्येक नवा सूत्रधार चुकतो. फाउंड्रीत दोन्ही अंतरे दिव्याच्या मध्यापासून मोजली जातात, म्हणून लख्ख उजेडासाठी २० आणि मंद उजेडासाठी ४० भरावे लागते. दोन्ही रकान्यांत २० भरले, तर मंद उजेडाचे कडे नाहीसेच होते. मेणबत्तीसाठी ५ आणि १०, झाकणाच्या कंदिलासाठी ३० आणि ६० असे आकडे येतात. एका दिशेला झोत टाकणाऱ्या कंदिलासाठी ६० आणि १२० भरून उजेडाचा कोन सुमारे ५३ अंश ठेवावा, कारण या नियमांतील शंकूची रुंदी त्याच्या लांबीइतकीच असते. आपल्या प्रणालीत मंद उजेड एकूण मोजला जातो की वरचा जादा, हे रिकाम्या दृश्यावर घरे मोजून एकदा पाहून घ्यावे.

खेळाडूच्या हातातील मशाल टोकनला जोडावी आणि तटावरील मशाली नकाशावर स्वतंत्र ठेवाव्यात. तटावरील दिव्यांना काळोखाची मर्यादा देता येते: दृश्याचा काळोख शून्यापासून एकपर्यंत मोजला जातो, आणि दिवा केवळ ०.५ च्या पुढे पेटेल असे ठरवले की संध्याकाळ सरताना पट्टी ओढताच किल्ल्यावरचे दिवे एकापाठोपाठ उजळू शकतात. प्रत्येकाला थोडी वेगळी मर्यादा दिली तर कोणीतरी पलिता घेऊन फिरत असल्याचा भास होतो. रंग आणि थरथर यांत संयम बाळगावा. वीस दिवे एकाच वेळी थरथरू लागले की डोळे दुखतात आणि लॅपटॉपचा पंखा बोलू लागतो. दाराजवळच्या दोन मशालींना हालता उजेड द्यावा, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात.

दिवे कोठे नसावेत हा विचार मी दिवे कोठे असावेत याच्या आधी करतो. प्रत्येक खोलीत दिवा लावला तर भिंतींवर घेतलेले सारे श्रम वाया जातात. महादरवाजाच्या बाहेरची वाट अंधारी ठेवावी, देवडीत एक कंदील असावा आणि दूरवर बालेकिल्ल्याच्या दिशेने एकच मिणमिणता दिवा ठेवावा. मध्ये भिंत नसेल तर उजळलेली जागा कितीही लांबून दिसते, आणि अंधारात चाचपडणाऱ्या खेळाडूंना तो एक ठिपका आपल्याकडे ओढतो. हाच नियम उलटही लागू होतो. मशाल पेटवून चालणारा गट तटावरच्या प्रत्येक पहारेकऱ्याला दिसतो. मशाल पेटवावी की अंधारात धडपडावे, हा पेच खेळाडूंसमोर उभा राहिला की उजेडाची मांडणी सार्थकी लागली असे समजावे.

अंधारात पाहू शकणाऱ्यांचा प्रश्न

हा पेच बहुधा एका कारणाने विरून जातो. एल्फ, ड्वार्फ, नोम, टीफलिंग, हाफ-ऑर्क या वंशांच्या पात्रांना अंधारात ६० फूट पाहण्याची क्षमता, म्हणजे डार्कव्हिजन, असते, आणि पाचांपैकी चार पात्रे अशी निघाली की मशाल पिशवीतून बाहेरच येत नाही. सूत्रधार मग वैतागून अंधाराचा नाद सोडतो. खरे पाहता नियमांत यावर उतारा आहे, फक्त तो प्रणाली स्वतःहून लागू करत नाही. डार्कव्हिजन असलेल्याला गडद अंधार मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात डोळ्यांनी काही हेरण्याच्या फाशाला प्रतिकूलता येते, म्हणजे फासा दोनदा टाकून लहान आकडा धरावा लागतो. न फेकता गृहीत धरली जाणारी हेरण्याची पातळी अशा वेळी पाचने घटते. म्हणजे एरवी १४ असलेला एल्फ मशालीविना ९ वर येतो, आणि १२ च्या अवघडपणाचा सापळा त्याच्या पायाखालीच उघडतो. हे एकदा घडले की पुढच्या दालनात कोणीतरी न सांगता मशाल पेटवतो. शिवाय अंधारातील ही दृष्टी केवळ करड्या छटांची असते. प्रणालीत टोकनला डार्कव्हिजनचा प्रकार निवडला की पडदा खरोखरच करडा होतो, म्हणून तांबड्या आणि हिरव्या कळीतून योग्य ती ओढायची असेल तर त्यासाठी उजेड आणावाच लागतो.

मैदानी रात्रीबाबत नियम बरेच कडक आहेत. चांदणे असले तरी बहुतेक रात्री अंधारच मानाव्यात, आणि विशेष तेजस्वी पौर्णिमेला मंद उजेड मानता येतो. तरीही दृश्याचा काळोख पूर्ण एकवर नेण्याचे मी टाळतो. सूत्रधाराच्या चांगल्या पडद्यावर जी छटा गूढ वाटते, ती दिवसाउजेडी खिडकीपाशी बसलेल्या खेळाडूला निव्वळ काळी दिसते. भारतात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात, हे विसरू नये.

आणखी एक निर्णय पहिल्या सत्राआधीच घ्यावा: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या पात्राचे पाहायचे की सर्वांची नजर एकत्र असायची? पात्रावर इतरांना निरीक्षकाचा अधिकार दिला की त्याची नजर त्यांनाही मिळते. वेगवेगळी नजर ठेवली तर ‘तुला काय दिसते आहे?’ हा प्रश्न खेळाडू एकमेकांना खरोखर विचारतात आणि त्यातून उत्तम संवाद घडतात. पण ज्याचे पात्र मागे राहिले आहे तो दहा मिनिटे काळ्या पडद्याकडे पाहत बसतो आणि हळूच दुसरे काहीतरी उघडतो. एरवी नजर एकत्र ठेवावी आणि टेहळणी किंवा पाठलागासारख्या प्रसंगी वेगळी करावी, हा मला सोयीचा वाटलेला मध्यममार्ग आहे. आउलबेअर रोडिओसारख्या साध्या साधनात हाताने धुके काढून टाकत खेळणे हाही कमीपणाचा पर्याय नाही. चार खोल्यांच्या छोट्या प्रसंगासाठी भिंती ओढण्यात तासभर घालवण्यापेक्षा मी तेच करतो.

सर्व मांडून झाल्यावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी आणि चाचणीसाठी तयार केलेल्या खेळाडूच्या खात्याने आत शिरावे. सूत्रधाराला सारे दिसत असते, म्हणून त्याच्या खात्यातून केलेली पाहणी फसवी ठरते. वाटेवरून दारापर्यंत, दारातून देवडीत आणि तेथून तटावर असे टोकन घरागणिक चालवावे, प्रत्येक कोपऱ्यात थांबून पलीकडचे काही डोकावते का ते पाहावे, आणि दारे उघडून पुन्हा लावावीत. चाचणी एखाद्या खऱ्या खेळाडूच्या खात्याने केली असेल, तर त्या खात्यात पाहून झालेला भाग नोंदला गेलेला असतो आणि सत्र सुरू होताच त्याला अर्धा किल्ला उघडा दिसतो. म्हणून उजेडाच्या साधनांतील धुके पूर्ववत करण्याचे बटण सर्वांत शेवटी दाबावे, आणि दारे पुन्हा बंद केली आहेत ना हे एकदा पाहावे.